पाथरीला चित्र खराब

ट्रक उभा असला की चित्र स्वच्छ. ट्रक हलला की त्याचे चौकोन चौकोन व्हायचे आणि ऐंशीचा वेग गाठला की रस्ता, झाडं, समोरची गाडी, सगळ्याचं पिठलं. ही तक्रार माझ्या भावाची, पाथरीहून. ट्रक चालवणारी मी, परभणीत, स्वतःच्या घरातल्या सोफ्यावर बसून, मुलीने मागे ठेवलेल्या गेमच्या कन्सोलवर.

हसू येत असेल तर हसून घ्या, शेजारणींनीही हसून घेतलं. पन्नाशी ओलांडलेली गणिताची मास्तरीण शाळेतून येते, चपला काढते आणि चहासुद्धा न घेता कंट्रोलर हातात घेऊन बसते. मी कुणाला कारण सांगत बसले नाही. माझा स्वभाव समजावून सांगण्याचा नाही, हे माझ्या वर्गातल्या मुलीही सांगतील.

कारण दादा होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, एसटीत ड्रायव्हर. पाथरीहून परभणी, तिथून झरीवरून जिंतूर आणि परत, असं त्याने आयुष्य काढलं. रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं आणि मे महिन्यात एका सकाळी अंगणात पाण्याची मोटर चालू करता करता त्याला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय हळूहळू परत आला, काठी धरून तो मोरीपर्यंत जाऊ लागला. बोलणं काही येईना. त्याला कळायचं सगळं, पण तोंडातून "न्हाई" आणि दोनचार शिव्या एवढंच निघायचं. शिव्या मात्र अगदी शाबूत होत्या, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.

डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीच्या काही महिन्यांत याला जितकं बोलतं कराल तितकं कमवाल. नंतर अवघड आहे. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी चित्रांचा तक्ता दिला. आंबा, पोपट, छत्री. चित्रावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे काय आहे? दादाने तिसऱ्या दिवशी तो तक्ता डाव्या हाताने भिरकावून दिला. साठ माणसं पाठीमागे बसवून जिंतूरचा घाट उतरवणाऱ्या माणसाला पोपट ओळखायला लावायचा म्हणजे काय? मीही भिरकावला असता. पण तक्ता गेला आणि बोलण्याचा सरावही गेला. वहिनी फोनवर रडायच्या. "ताई, घरात भिंतीसंगं राह्यल्यासारखं वाटायलंय," म्हणायच्या.

जुलैत एका रविवारी व्हिडिओ कॉल लावून मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. दादा काही बोलणार नाही हे माहीत होतं, म्हणून मी आपली समोर टीव्हीवर ट्रक चालवत बसले होते. मुलगी हैदराबादला नोकरीला गेल्यापासून संध्याकाळ खायला उठायची, तेव्हा हा नाद लागला होता. फोनच्या कोपऱ्यातून दादाला टीव्ही दिसत असावा. एका वळणावर माझा ट्रक दुभाजकाकडे निघाला आणि फोनमधून आवाज आला, "ब्रेक!"

वहिनी स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने पळत आल्या. मी दुभाजकावर चढले होते. दादा लालबुंद होऊन म्हणाला, "ब्रेक दाब, येडे!"

मला माझ्या भावाने येडी म्हटल्याचा इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता. मी ट्रक मुद्दाम आणखी दोनदा ठोकला.

मी स्कूटी शिकले तेव्हा हा माणूस म्हणाला होता, हिच्या मागं बसण्यापेक्षा मी जिंतूरला पायी जाईन. माझं चालवणं बघून त्याचा जीव वरखाली होणार आणि जीव वरखाली झाला की तोंड उघडणार, हे माझ्या ध्यानात आलं. रोज संध्याकाळी पाचला खेळायचं ठरलं. पण फोनमधून टीव्ही दाखवला की नुसता उजेड दिसायचा, रस्ता नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, फोन कशाला धरतेस? कन्सोलमधूनच लाइव्ह जाता येतं. फक्त मामाला दिसेल अशी लिंक करू. तो त्याच्या टीव्हीवर बघेल, बोलायला फोन स्पीकरवर ठेव." तिने हैदराबादहून एकेक बटण सांगितलं, मी दाबलं आणि आम्ही लाइव्ह गेलो. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात किती जण बघतायत तो आकडा येतो. आमचा आकडा कायम एक.

आणि मग ते पिठलं सुरू झालं.

मी गणिताची आहे. मी वही केली. वहीच्या डाव्या पानावर चित्राच्या तक्रारी, उजव्या पानावर दादाचे नवे शब्द. पहिल्या आठवड्यात उजव्या पानावर ब्रेक, सोड, हॉर्न, डिझेल आणि एक असा शब्द जो इथे लिहिता येत नाही. डावं पान मात्र भरून वाहायला लागलं होतं. चित्र फुटलं की दादा "खराब" म्हणायचा आणि तोंड फिरवायचा. एकदा तोंड फिरवलं की त्या दिवशी उजव्या पानावर काही नाही. म्हणजे चित्र सुधारणं ही माझी हौस राहिली नव्हती.

पहिल्यांदा मी केबलवाल्याला धारेवर धरलं. गल्लीत नेट त्याचंच. तो आला, मोबाइलवर वेग मोजला आणि म्हणाला, "ताई, शंभरचा प्लॅन हाय तुमचा. एकदम ओके चालायलंय."

"हा येणारा वेग झाला. माझं चित्र इथून जायचंय. जाणारा वेग किती?"

त्याने डोकं खाजवलं. "जाणारा कोण मोजतंय, ताई? परभणीत समदे बघणारेच हायत. दाखवणारं कोण हाय?"

मोजला तर जाणारा वेग येणाऱ्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. मी अर्धा तास त्याला सुनावलं. त्याने चहा घेतला आणि जाणारा वेग थोडा वाढवून दिला, हे मान्य करायला हवं.

तरी पाचच्या सुमाराला चित्र फुटायचंच. सातला खेळलं तर कमी फुटायचं. दोन आठवडे मी यावर डोकं फोडलं. शेवटी मुलीने विचारलं, "तू शाळेतून आल्याआल्या फोन घरच्या वायफायला लागतो ना?" लागतो. आणि दिवसभर शाळेत आम्ही दुसरं करतो काय? पोषण आहाराचा फोटो, हजेरीचा फोटो, झाड लावल्याचा फोटो, लावलेल्या झाडाला पाणी घातल्याचा फोटो. ते सगळे फोटो माझा फोन घरात पाऊल टाकताच आपोआप वर चढवायला बसायचा, नेमका पाच वाजता. दादाच्या वाट्याचं नेट खिचडीचे फोटो खात होते. ते बंद केलं.

मग राऊटर. तो पुढच्या खोलीत टीव्हीच्या मागच्या भिंतीपलीकडे, फ्रिजवर, आणि त्याच्यावर मीच विणलेला क्रोशाचा रुमाल. रुमाल काढला. बाजारातून लांब वायर आणली, खिडकीच्या गजातून आत घेतली आणि कन्सोलला थेट जोडली. सुधारणा झाली. पण पळत्या ट्रकचे चौकोन काही पूर्ण जाईनात.

"आई, सेटिंगचा फोटो पाठव," मुलगी म्हणाली. पाठवला. ती हसायलाच लागली. "तू सगळं सगळ्यात वरचं निवडलंयस! आपल्या नेटला हे झेपणार नाही. चित्राची बारकाई एक हजार ऐंशीवरून सातशे वीसवर आण. सेकंदाला साठ चित्रं जातात, तीस कर. आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माल जातो ते, खाली आण."

मला ते पटेना. आमच्या घरात पानावर बसलेल्या माणसाला हात आखडता घेऊन वाढत नाहीत. पाहुणा नको नको म्हणत हात आडवा धरतो आणि आम्ही बोटांच्या फटीतून तूप सोडतो. इथे तर सख्खा भाऊ, तोही आजारी. त्याला मी खालचं, मधलं असलं चित्र पाठवू? तो रस्त्यावरच्या पाट्या वाचणारा माणूस. मी म्हटलं, "दादाला दुय्यम चालणार नाही."

"तू उत्तम पाठवतच नाहीयेस, आई. उत्तम पाठवायला जातेस आणि निम्मं वाटेत सांडतं. उभ्या ट्रकचं चित्र आधीच्यासारखंच असतं, पाठवायला फारसं काही नसतं. ट्रक पळाला की प्रत्येक पान, प्रत्येक दगड बदलतो. तेवढं सगळं त्या वायरीत मावत नाही, मग जमेल तसं ठेचून भरलं जातं."

तिने हे एका बैठकीत सांगितलं. मी मात्र आठवडाभर ऐकलं नाही, कारण मी तिची आई आहे. शेवटी एका दिवशी दादाने चार मिनिटांत तोंड फिरवलं तेव्हा मी मुकाट्याने सगळं खाली आणलं. जाणाऱ्या वेगाच्या निम्म्याहून थोडं वर बिटरेट ठेवला. ट्रक हायवेला लावला आणि नव्वदीला नेला. मग वहिनींचा आवाज आला, "ताई, लय झकास दिसायलंय की! झाडाची पानं दिसायलीत." माझ्या गर्वाचं घर त्या दिवशी खाली झालं आणि चित्र वर आलं.

पुढचे पंधरा दिवस चांगले गेले. चित्र पोहोचायला काही सेकंद लागायचे, त्यामुळे दादा ब्रेक म्हणेपर्यंत मी ठोकून मोकळी झालेली असायचे आणि त्याचा पारा चढायचा, पण चढलेला पारा मला हवाच होता. त्या खेळातले रस्ते परदेशातले. गाड्या आपल्या उलट, रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात. दादा "राँग साइड, राँग साइड" ओरडून दमला आणि शेवटी त्याने तो देश तसाच आहे हे मान्य केलं. वहीच्या उजव्या पानावर "बैलगाडी" हा शब्द आला, माझ्या ट्रकला उद्देशून, टायर आला, "पुढं बघ" आला.

दसऱ्याला एक घोळ मीच घातला. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. आमच्याकडे विळीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळं पुसून मांडतात. यंदा मी कन्सोलही मांडला. त्याने माझ्या भावाला बोलतं केलं होतं, त्याचा मान मोठा. हळद, कुंकू, फूल, अक्षता सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी वायरी पुन्हा लावल्या आणि पुन्हा पिठलं. केबलवाल्यावर मी आग पाखडली. चार दिवसांनी विजेरी मारून बघितलं तेव्हा वायरीच्या खोबणीत अक्षतेचा एक दाणा अडकलेला. वायर पूर्ण आत बसतच नव्हती. दाणा सुईने काढला आणि केबलवाल्याला सोनं द्यायला गेले, चार दिवस उशिरा का होईना. कारण काही सांगितलं नाही.

त्यानंतर मात्र चित्रात माझ्या बाजूने काही खोट उरली नाही. आणि नेमका तेव्हापासून दादा जास्त "खराब" म्हणू लागला.

त्या रस्त्यांवर फाटे उजवीकडे फुटतात. उजव्या हाताला मोठी पाटी येते, बाण येतो, मग फाटा. मी मुद्दाम दादाला विचारायचे, "दादा, कुठल्या फाट्याला वळू? पाटी वाच." तो गप्प. फाटा निघून जायचा. मी म्हणायचे, "अरे, एवढी मोठी पाटी गेली!" तो म्हणायचा, "न्हाई. खराब." खाली उजव्या कोपऱ्यात नकाशाही असतो. तो बघ म्हटलं तरी "न्हाई". मी वहिनींना विचारायचे, चित्र कसं आहे? त्या म्हणायच्या, "मला तर चांगलं दिसायलंय." मी त्यांना म्हटलं, आणि हे आठवलं की आजही माझी मान खाली जाते, मी म्हटलं, "वहिनी, तुमचं अर्धं लक्ष चुलीकडे. बघणारा तो आहे. तो खराब म्हणतो म्हणजे खराब आहे."

मी पाट्यांसाठी पुन्हा एक हजार ऐंशीवर जाऊन पाहिलं, रंगांची सेटिंग बदलली, उजेड वाढवला, पाथरीला फोनवरून त्यांच्या टीव्हीची बटणं दाबायला लावली. काही उपयोग नाही. फाटा चुकला की दादा गप्प. ज्याने सबंध आयुष्यात एक फाटा चुकवला नाही त्याला रोज फाटे चुकायला लागले आणि त्याला त्याची लाज वाटत होती, हे मला फोनवर दिसत नव्हतं. दिवाळीपर्यंत वहीचं उजवं पान थांबलं. शेवटचा शब्द "पुढं बघ" होता, त्याच्याखाली तीन आठवडे कोरे.

दिवाळीला मुलगी आली. मी ठरवलं, ही परभणीत ट्रक चालवेल आणि मी पाथरीला दादाच्या शेजारी बसून बघेन. इतके महिने मी चित्र माझ्याच टोकाने दुरुस्त करत होते, त्याच्या टोकाला जाऊन एकदाही बसले नव्हते. वर्गात मुलींना मी रोज सांगते, उत्तर काढलं की ताळा करून बघा.

भाऊबीजेला दुपारच्या एसटीने गेले. पाचला मुलीने लाइव्ह लावलं. दादा खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर. चित्र इतकं स्वच्छ की ट्रकच्या काचेवरचा डाग दिसत होता. पाटी आली, मला अक्षर न् अक्षर वाचता आलं. मी दादाकडे बघितलं.

"खराब," दादा म्हणाला.

माझा तोल गेला. चार महिन्यांचा सगळा वैताग एकदम बाहेर आला. "काय खराब? कुठं खराब? दादा, मी हजार भानगडी केल्या, वायरी ओढल्या, लोकांशी भांडले, आणि तू नुसतं खराब खराब करायलास! तुला बघायचंच नाही असं सांग ना सरळ!"

डाव्या हाताने त्याने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. मुलगी तिकडे एकटीच ट्रक चालवत राहिली.

ओवाळणं कसंबसं उरकलं. वहिनींनी आम्हा दोघांना शेजारी शेजारी जेवायला वाढलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, वांग्याची भाजी, वरण. मी मान खाली घालून जेवत होते. जेवण होत आलं तेव्हा वहिनी हळूच मला म्हणाल्या, "बघा ताई, भाजीला हातच न्हाई लावत हे. आजारापासनं भाजी सोडली. नुसती चटणी न् कोशिंबीर. वांगं तर लय आवडीचं होतं."

मी दादाच्या ताटाकडे बघितलं. लग्नाची पंगत असो की घरचं ताट, आमच्याकडे चटणी-कोशिंबीर डाव्या बाजूला आणि भाजी-वरण उजव्या बाजूला. दादाच्या ताटाची डावी बाजू पुसल्यासारखी साफ होती. उजव्या बाजूला भाजी, वरणाची वाटी आणि भाकरीचासुद्धा उजवीकडचा तुकडा, सगळं जसंच्या तसं. मधून कुणी पट्टी ठेवून रेघ मारावी तसं.

मी हात पुढे केला आणि त्याचं ताट अर्धं फिरवलं. भाजी डावीकडे आली.

दादाने ताटात बघितलं. मग वहिनींकडे बघितलं. "भाजी," तो म्हणाला. "आत्ता... वाढली?" आणि त्याने वांग्याचा घास घेतला. सगळी भाजी संपेपर्यंत तो थांबला नाही. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी एक डोळा झाकून दिवे दाखवले, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळ्यांना उजवीकडचा अर्धा भाग दिसत नव्हता. डोळे चांगले होते. मेंदूत जिथे इजा झाली तिथेच बोलणंही होतं आणि उजवीकडचं दिसणंही. दवाखान्याच्या जुन्या कागदांत याबद्दल एक ओळ होती. आम्ही त्या कागदांवर गोळ्यांच्या वेळा तेवढ्या वाचल्या होत्या. आणि दादाला सांगायला शब्द नव्हते. त्याच्याकडे एकच शब्द होता आणि तो रोज सांगत होता. मी तो नेटवर ढकलत होते.

डॉक्टर दादाला म्हणाले, हे बहुधा असंच राहील. मान उजवीकडे वळवून बघायची सवय करा. टीव्ही डाव्या हाताला ठेवा. गाडी मात्र चालवायची नाही. हे शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हा दादाने मान खाली घातली. आम्ही कुणी त्याला विचारलं नव्हतं, पण तो त्या आशेवर होता. माझा ट्रक बघत तो परत जायची तालीम करत होता.

वहिनींची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, मी तरी कुठं वळखलं? ताट रोज मीच वाढते."

पाथरीत टीव्ही हलला. ताटही पालटलं, आता त्या घरात भाजी डावीकडे वाढतात आणि पाहुणे बघत राहतात. पण दादा बोलेना. टीव्ही लावू देईना. शिवीसुद्धा नाही. मुलगी हैदराबादला परत गेली. मी रोज पाचला लाइव्ह जात होते. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा शून्य. शून्याला चित्र दाखवत मी रोज तासभर ट्रक चालवला. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. थांबले असते तर मीही त्याला डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य ऐकवल्यासारखं झालं असतं. सगळी सेटिंग जिथल्या तिथे होती, खिडकीतून वायर आत आलेली होती, चित्र एकदम चांगलं जात होतं. मी एकदा खेळता खेळता रडलेही.

नवव्या दिवशी आकडा एक झाला.

फोन वाजला, स्पीकरवर टाकला. पलीकडून फक्त दादाचा श्वास आणि मागे वहिनींच्या भांड्यांचा आवाज. मी सावकाश चालवत होते. चित्र उशिरा पोहोचतं म्हणून आता मी फाट्याच्या बरंच आधी वेग कमी करते. डावीकडून एक लाल गाडी पुढे घुसत होती.

"लाल," दादा म्हणाला. "येऊ दे."

मी तिला येऊ दिलं. पुढे उजव्या हाताला पाटी दिसू लागली. फाटा जवळ येत होता आणि मला त्याला विचारायचा धीर होईना. ट्रक अगदीच हळू केला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

मग फोनमधून आवाज आला, अडखळत, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. वहीतल्या कुठल्याही ओळीपेक्षा लांब.

"उजवीकडलं... तू बघ. डावीकडलं... मी सांगतो."

मी उजवा आरसा बघितला आणि म्हटलं, "उजवीकडं मोकळं आहे, दादा."

"डावीकडं बी मोकळं," तो म्हणाला. "घे."

मी फाटा घेतला.